एकचा आकडा

फिलुमेनाचं नाव मतदारयादीतून उडवा, असा अर्ज कोर्टात पडला होता. कारण काय, तर म्हणे ती गावात राहतच नाही. माल्टातल्या त्याच गल्लीत, त्याच गच्चीवर ती त्रेसष्ट वर्षं कपडे वाळत घालत होती. आणि अर्ज केला कोणी? तिच्याच पक्षाच्या उमेदवाराने, वकील एवरिस्टुने, ज्याच्या नावापुढे ती दर निवडणुकीत पहिल्या पसंतीचा एकचा आकडा घालत आली होती.

ती तडक पक्षाच्या क्लबात गेली. एवरिस्टु चहा पीत बसला होता.

"चूक झाली, मावशी," तो म्हणाला. "ती अख्खी गल्ली त्यांची, समोरच्या पक्षवाल्यांची. मी सरसकट सगळ्यांची नावं घातली, त्यात तुम्हीही गेलात."

"मला त्यांच्यात धरलंस?" फिलुमेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीतल्या बाकीच्या चाळीस जणांचं काय, हे विचारायचं तिला सुचलंसुद्धा नाही.

कोर्टात फिलुमेनाच्या बाजूने साक्षीला उभी राहिली शेजारीण पावलिना. समोरच्या पक्षाची, अगदी कट्टर. तिचंही नाव त्याच अर्जात होतं.

"रोज पहाटे हिच्या खोकल्यानेच मला जाग येते, साहेब," तिने सांगितलं. फिलुमेनाचं नाव यादीत राहिलं. पावलिनाच्या स्वतःच्या सुनावणीला तारीख पडली ती मतदानानंतरची, म्हणजे तिचं यंदाचं मत गेलंच.

"आमच्या पक्षाला मत दे, असं मी मेले तरी म्हणणार नाही," बाहेर आल्यावर पावलिना म्हणाली. "तुमचेच पाच जण उभे आहेत. एकचा आकडा दुसऱ्या कुणापुढे घाल. एवढी तरी अद्दल घडव त्या मेल्याला."

"घडवते. बघच तू."

मतदानाच्या शनिवारी शाळेत, पडद्याआड, फिलुमेनाने पेन्सिल उचलली. एवरिस्टु लबाड, यात तिला शंका नव्हती. बाकीचे चौघे सभ्य होते, समोरच्यांशीही नीट बोलणारे. पण असली सभ्य माणसं त्यांना कशी पुरून उरणार? 'त्यांना' म्हणताना पावलिनाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तो तिने बाजूला सारला आणि एवरिस्टुपुढे ठळक एक काढला.

ती घरी परतली तेव्हा पावलिना तिच्या दारातच उभी होती, हातात भाजलेल्या मॅकरोनीचा ट्रे घेऊन. मत द्यायला जायचं नव्हतं, तेव्हा सकाळपासून ती रांधतच होती.

"दाखवलास त्याला इंगा?"

"दाखवला."

पावलिनाने कडेचा, सगळ्यांत कुरकुरीत तुकडा कापून तिच्या ताटलीत घातला. फिलुमेनाला मनापासून लाज वाटली. तरी तिने दोनदा वाढून घेतलं.