चार नंबरची हजेरी

रविवारी दुपारी इंजिनिअर्स क्लबात दोन व्याख्यानं असायची, आणि दोन्हींना डुलक्या काढणारी मंडळी तीच. पहिलं व्याख्यान अध्यक्षांचं होतं, विषय अखंड वीजपुरवठा. गेलेली वीज आता किती झटपट परत येते, याचे आलेख त्यांनी पडद्यावर दाखवले आणि स्वतःवरच खूश होऊन घटाघटा पाणी प्यायले. झटपट, झटपट! तो शब्द आला की पुढच्या रांगेतल्या मास्तरीणबाई मान खाली घालायच्या.

मास्तरीणबाई तंत्रशाळेत वायरमनच्या वर्गाला शिकवायच्या. दुसरं व्याख्यान त्यांचं, तंत्रशिक्षणावर. पण खरं सांगायचं तर त्या आल्या होत्या धाकट्या भावासाठी. सगळे त्याला लंबू म्हणायचे. लाइनमन होता. वादळात तारा तुटल्या की टोळीतला एकेक जण एकेका खांबावर चढायचा. काम झालं की नियंत्रण कक्षातून वॉकीटॉकीवर हजेरी व्हायची. एक नंबर? उतरलो. दोन नंबर? उतरलो. ज्याचं त्याने सांगायचं, आणि सगळे उतरले की मगच वीज सोडायची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका वादळात चार नंबरनेही ‘उतरलो’ म्हटलं. आवाज लंबूचाच, सगळ्यांनी ऐकला. वीज सोडली, आणि लंबू वरच होता.

अध्यक्ष वीज कंपनीतले बडे साहेब, चौकशी त्यांनीच केली. उतरलो म्हणाला आणि पुन्हा चढला, स्वतःचाच निष्काळजीपणा, असा ठपका ठेवून मोकळे झाले. आईने तो ठपका मनाला लावून घेतला. लेकाचा विषय निघाला की ‘आपल्या हाताने गेला मेला’ म्हणत आत निघून जायची. बाईंचा मात्र त्यावर काडीचा विश्वास नव्हता. आवाज ऐकू आला म्हणजे माणूस उतरला असं होत नाही, एवढं अध्यक्षांच्या गळी उतरवायचं, चौकशी पुन्हा उघडायला लावायची, भावाचं नाव साफ करायचं, या एकाच जिद्दीने त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

सामान मांडायला नवरा आला होता. तोही लंबूच्याच टोळीतला. एके काळी नकला करून मैफल हसवून सोडणारा हा माणूस मेहुणा गेल्यापासून घरात तोंडच उघडायचा नाही. बाई समजून घ्यायच्या, दुःखच तेवढं आहे म्हणून. आता तो दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

टेबलावर एक फळी, फळीवर एक खटका आणि एक बल्ब, शेजारी बाईंचा स्वतःचा वॉकीटॉकी सेट. तिघा सभासदांच्या हातात वॉकीटॉकी देऊन बाईंनी त्यांना तीन कोपऱ्यांत पिटाळलं. चौथा सेट नुसता खुर्चीवर ठेवला. चार नंबरचं उत्तर येणार नाही आणि उत्तर नाही तर खटका दाबायचा नाही, हा त्यांचा पहिला धडा. उत्तर आलं तरी माणूस डोळ्यांनी बघूनच दाबायचा, हा दुसरा.

तिघांनी हसत हसत ‘उतरलो’ सांगितलं.

“चार नंबर?” बाईंनी विचारलं आणि सभेकडे वळल्या. “आता बघा, उत्तर नाही, म्हणून आपण...”

“वर आहे,” टेबलावरच्या सेटमधून आवाज आला.

आवाज लंबूचा. बोलण्याआधी घसा खाकरणं, शेवटचा शब्द लांबवणं, सगळं तेच. त्यामागे वाऱ्याचा घोंगाटही ऐकू येत होता, उंचावरचा, उघड्यावरचा. हॉलच्या खिडक्या तर सगळ्या बंद होत्या.

सभेने टाळ्या वाजवल्या.

“वा बाई, नाटक झकास बसवलंत!” अध्यक्ष हसत उठले. “लावा आता दिवा, चहा गार होतोय.” आणि त्यांनीच खटक्याकडे हात नेला.

बाईंनी त्यांचं मनगट पकडलं. “खबरदार!”

“अहो, नुसता बल्ब आहे हा!”

“माणूस वर आहे.”

अध्यक्ष वैतागले. कोणाचा हा चावटपणा बघतोच, म्हणून तरातरा खुर्चीपाशी गेले, सेट उचलला आणि मागचं झाकण काढलं. आत बॅटरीच नव्हती. बाईंनी ती सकाळीच काढून ठेवली होती. अध्यक्षांनी तो सेट हळूच खाली ठेवला आणि हात सदऱ्याला पुसला. आता कोणी हसत नव्हतं.

बाईंनी आपल्या सेटचं बटण पुन्हा दाबलं. “चार नंबर?”

“वरच आहे गं ताई. उतरलो म्हणून कोणी सांगितलं?”

“मी नाही!” दाराशी उभा असलेला नवरा किंचाळला. “देवाशप्पथ, आज मी नाही काढला त्याचा आवाज!”

त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या, आणि तो भिंतीला धरून मटकन खाली बसला.

“वीज लवकर सोडा, लवकर सोडा, नुसता घोशा लावला होता साहेबांनी,” तो रडत म्हणाला. “एकमेकांची हजेरी आम्ही द्यायचोच गं. वाटलं, येतच असेल खाली.”

बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून दोन वर्षं भावासाठी रडल्या, तो हा! त्याचा गळा धरावासा वाटला. पण सेटमध्ये वारा अजून घोंगावत होता. आधी पोराला खाली आणायला हवं होतं. त्यांनी फळीची वायर भिंतीतून उपटली आणि सेट तोंडाशी नेला.

“लंबू, वीज बंद आहे रे. कोणी सोडणार नाही, मी इथेच आहे. सावकाश ये.”

सेटमधून बुटांचा आवाज येऊ लागला. लोखंडी पायरीवर एक, मग खालच्या पायरीवर दुसरा. मध्येच दम खाणं. शेवटी दोन्ही पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि वारा थांबला.

“उतरलो, ताई.”

त्यानंतर सेट गप्प झाला. अध्यक्ष चाचरत म्हणाले, “बाई, चौकशी मी उद्याच पुन्हा...” बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. डोळे पुसून त्या दाराशी गेल्या. नवऱ्याने त्यांचे पाय धरायला हात पुढे केले, तशा त्या मागे सरल्या.

“उठा. आईकडे जायचंय,” त्या म्हणाल्या. “तिला तुम्ही सांगायचं. आणि स्वतःच्या आवाजात.”