सिदनाकचा बिल्ला

दर रविवारी सकाळी अण्णा गल्लीतल्या मुलांना आपल्या पडवीत बसवून शिकवत. शाळेत प्रदर्शन भरणार होते. विषय होता संस्थानच्या काळातली पहिली रेल्वे.

"मिरजेहून कोल्हापूरला गाडी आली, ती कशावरून?"

"रुळांवरून!"

"आणि रूळ कुणी घातले?"

अण्णांच्या टिपणात इंजिनिअरांची नावे होती, कंत्राटदारांची होती. मजुराचे एकही नव्हते. तेव्हा अण्णांच्याच वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची निशा उठली. "माझ्या खापरपणजोबांनी! त्यांचा पितळी बिल्ला आहे आमच्याकडं."

"मग आण की! मधोमध ठेवू." अण्णा हरखून गेले.

वर तिच्या आजी, बायडाबाई, तांदूळ निवडत होत्या. निशाने सांगताच त्यांचा हात थांबला.

"काय सांगून आलीस गं बाई? त्येच्यावर 'सिदनाक' कोरलंय. आपल्या माणसांच्या नावाम्होरं तवा 'नाक' लावायचे. वाचणाऱ्याला जात कळती."

"कळू दे की."

"सात घरांनी जात इचारून खोली न्हाय दिली. हितं कुणी इचारलं न्हाय, आपण सांगितलं न्हाय."

वडील बाबासो आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकवत. त्यांनी कानस काढली. "दोनच अक्षरं हाईत. घासून टाकतो. 'सिद' ऱ्हाईल."

निशाने बिल्ला मुठीत घट्ट धरला. "बाबा, आपल्याच माणसाचं नाक कापताय?"

कानस खाली आली. पण तो सगळा आठवडा घरात कुणी मोठ्याने बोलले नाही. जिन्यात पाऊल वाजले, की तिघेही दाराकडे पाहत.

पुढच्या रविवारी अण्णांनी चष्मा लावून बिल्ला वाचला. पुन्हा वाचला. मागून त्यांच्या पत्नी पद्मजाकाकू वाकल्या, सरळ झाल्या, आणि निशासमोर ठेवलेली पोह्यांची बशी त्यांनी अलगद उचलली.

"बाबांना सांग, आमचा पुतण्या यायचाय. खोल्या लागतील."

बाकीच्या मुलांना काही कळले नाही. निशाला कळले.

"बाळ," अण्णा हळूच म्हणाले, "फळ्यावर 'सिदोजी' लिहू या. म्हणायलाही सोपं. मग काकूंची समजूत घालता येईल मला."

निशाने जिन्याकडे पाहिले. जिन्यात उभ्या असलेल्या बायडाबाईंनी ती उचललेली बशी पाहिली होती. त्यांनी पदर खोचला.

"पोरी, नाव सांग त्येचं. अक्खं सांग."

"सिदनाक," निशा म्हणाली.

अण्णांचा खडू फळ्यापाशी थांबला. मुलांनी वह्या उघडल्या होत्या. अण्णा जे लिहितील, तेच सगळी उतरून घेणार होती.