बॉनेटवरचा हात

जुनी गाडी ऑनलाइन घेणारे लोक पैसे भरण्याआधी जाहिरात मला, म्हणजे मेकॅनिकला, दाखवतात. माझा नियम एकच आहे: बॉनेटवर आजचं वर्तमानपत्र ठेवून फोटो मागवा. विकणारा टाळाटाळ करू लागला, की समजायचं कुठेतरी पाणी मुरतंय.

काल भाचीने मोबाइल नाकासमोर धरला. "मामा, ही बघ ना! किती स्वस्त आहे!"

हिरवी गाडी होती. बॉनेटवर कुणाचा तरी हात होता, हातोडी बसून काळं पडलेल्या नखाचा.

मी पाना खाली ठेवला. ती बाबांची गाडी होती. विकायला काढली तेव्हा फोटो मीच काढले होते. "बाबा, मधला हात काढा की!" म्हणून खेकसलो होतो. त्यांनी काढला नाही. मीही वैतागून सगळेच्या सगळे फोटो जाहिरातीत टाकून दिले.

पुढे नव्या मालकाने गाडी झाडावर घातली. तिचा सांगाडा मीच भंगारात दिला. मग बाबा गेले, आणि फोटो जुन्या फोनबरोबर गेले.

"चोर आहे मेला," मी म्हणालो. "माझीच जाहिरात उचललीय. छदामही पाठवू नकोस."

"मग ब्लॉक करते."

"थांब." मी तिचा हात अडवला. "आधी अजून फोटो माग."

"वर्तमानपत्र ठेवून?"

"नको गं. असतील ते सगळे पाठव म्हणावं. मी खेकसल्यावर आजोबा हसले होते. तो फोटोही असेल त्याच्याकडे."