कोऱ्या कागदावरचा शिक्का

जांभळी शाई बोटाला लागली की तीन दिवस जात नाही.

तारोडीहून भाईंदरला येणारी सकाळची बस साडेसहालाच भरते.

वनस्पतिशास्त्राचा तास एकला संपतो, गणिताचा तीनला.

तपासणी समितीला चहाबरोबर काजू लागतात.

दोनशे चाळीस.

मित्रांनो, या ओळींचा एकमेकींशी संबंध नाही, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. मी लाकडी मुठीचा जुना शिक्का. भाईंदर पश्चिमेच्या एका टपरीत माझे रबर कापले गेले आणि त्यावर दोनच शब्द उमटवले गेले: मार्गदर्शन झाले. तिथून मी मीरा रोडच्या एका विद्यापीठात, विज्ञान शाखेच्या पदवी विभागात, सुचेता मॅडमच्या टेबलावर आलो.

तेव्हा मॅडम फक्त शिकवत आणि मुलांना विषय निवडायला मदत करत. एकेका मुलाला समोर बसवून विचारत, "पुढे काय करायचंय? माहीत नाही? मग आवडतं काय ते सांग." फॉर्मच्या मागे पेन्सिलीने फांद्या काढत. हा विषय घेतलास तर इकडे जाता येईल, तो सोडलास तर तिकडचे दार बंद. अर्धा तास, कधी पाऊण तास. मूल मान हलवून उठले की मग मला उचलत.

त्या वर्षांत मी दिवसाला आठ-नऊ वेळाच उमटत असे. पण उमटलो की खरा असे. मुले म्हणत, "मॅडमचा शिक्का बसला ना, मग टेन्शन नाही." त्या कौतुकाने मी फुगलो होतो. शिक्क्याने फुगू नये. फुगलेले रबर अक्षरे फासते.

पुढे मॅडम विभागाच्या प्रमुख झाल्या. खुर्ची मोठी झाली, टेबलावर फायली आल्या आणि समोरची मुलांची खुर्ची सामान ठेवायला गेली. एका जूनमध्ये निरोप आला, तपासणी समिती येतेय, प्रत्येक विद्यार्थ्याच्या मार्गदर्शनाचा पुरावा हवा.

"महिपत, हे दोनशे चाळीस फॉर्म. सगळ्यांवर मारून ठेव," मॅडम म्हणाल्या.

महिपत म्हणजे विभागाचे शिपाई. रत्नागिरीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी गठ्ठा चाळला. "मॅडम, यांच्यावर नावंच नाहीत अजून."

"नावं मुलं लिहितील. आपलं काम आपण करून ठेवू."

नाव: ………
मुख्य विषय: ………
जोडविषय: ………
मार्गदर्शन झाले.

असा मी दोनशे चाळीस वेळा उमटलो. कोणाला झाले? कसले झाले? मला विचारू नका, मला दोनच शब्द येतात.

समितीने फाईल पाहिली. "उत्तम," असा शेरा दिला. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मोठे कौतुक ते, आणि सगळ्यांत घाणेरडे.

त्यांतला एक फॉर्म संचिताने भरला. तारोडीची मुलगी. मुख्य विषय भौतिकशास्त्र. जोडविषयात तिने वनस्पतिशास्त्र लिहिले, कारण एकला सुटले की दीडची बस मिळते आणि घरी आईला मदत होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायची तर जोडविषय गणित लागतो, हे तिला कोणी सांगितले नाही. तीन वर्षे ती वर्गात पहिली आली. चौथ्या वर्षी, याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, एम.एस्सी.च्या खिडकीतून तिचा अर्ज परत आला.

ती आईला घेऊन खाली आली. चंपाबाई उभ्याच राहिल्या. बसायला काही नव्हतेच.

"पोरीला गणित न्हाय म्हणून घेत न्हाय. हे तवा सांगायचं कुणी?"

मॅडमनी फाईल उघडली. "संचिता, हा फॉर्म तुझाच ना? सही तुझी?"

"हो मॅडम."

"आणि खाली शिक्का आहे. म्हणजे तुला सांगितलं होतं."

"शिक्का आधीच होता, मॅडम. मी नाव नंतर लिहिलं."

"असं कसं होईल? शिक्का नेहमी शेवटी मारतात."

महिपत खिडकीबाहेर बघू लागले.

"म्हंजे माझी पोर खोटं बोलतेय," चंपाबाई म्हणाल्या, "आनि ह्यो रबराचा तुकडा खरं बोलतोय."

मॅडमनी फाईल मिटली. म्हणाल्या, "बघू, बाहेरून गणिताचे पेपर देता आले तर." ते नियमात बसले नाही. संचिता आता मीरा रोडच्याच पूनम सागर भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसते, रिपोर्टवर शिक्के मारते.

आता माझे काम ॲपवर गेले आहे. मुले मोबाईलवर एका चौकोनात टिक करतात आणि मार्गदर्शन होते. मी खणात पडलो आहे, रबराला चिरा गेल्या आहेत. मला त्याचे दुःख नाही. असलेच तर ते दोनशे चाळीस वेळा गप्प राहिल्याचे.

मित्रांनो, मला जपू नका. कोरा कागद कोणी पुढे केला आणि त्यावर आधीच कोणाचे काम झालेले असले, तर तो घेऊन आत जा आणि विचारा. आणि उद्या तुम्ही त्या खुर्चीत बसलात, तर समोर दुसरी खुर्ची ठेवा.

फॉर्म भरण्याच्या आदल्या दिवशी संचिता विषय विचारायला दाराशी आली होती, मॅडम आत एकट्या बसल्या होत्या, आणि महिपतनी तिला सांगितले, "फॉर्मवर शिक्का मारलाय गं, आता विचारायची गरज नाही."