भंडारा उचलायचा कुणी

आमच्या जुळे सोलापुरात माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून घ्यायची रीत आहे. सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या हजेऱ्या लिहिल्या. जेवढं घडलं तेवढंच लिहायचं, एक अक्षर जास्त नाही. त्याची भरपाई मी रिटायर झाल्यावर करून घेतोय. शेजारच्या सिदूची गाडी किती तेल पिते हे मी कट्ट्यावर सांगायला लागलो की लोक पान थुंकून जवळ यायचे. मी सांगायचो, एकदा ती किराणा दुकानासमोर तासभर उभी होती, तर आतला शेंगतेलाचा डबा कोरडा पडला. हे वजा करा. पण हजार किलोमीटरला लिटरभर इंजिन ऑइल ती प्यायची, हे खरं. रिकाम्या बाटल्या कापून आमच्या बायकोनं त्यांत तुळस लावलीय, अजून आहे.

सिदू चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर. धाकटा भाऊ शिवू श्रीपूरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर. आई केराबाई, मी तिला आक्का म्हणतो, जन्मभर मेंढरांमागं चाललेली. पाय थकले तशी पोरांनी तिला हितं फ्लॅटमध्ये आणली आणि तिची शेवटची चाळीस मेंढरं बाजारात उभी केली. मी सोबत होतो. धनगराच्या बाजारात बिल नसतं. घेणारा विचारतो, "रोग-बिग?" आणि विकणाऱ्यानं बिरुदेवाचा भंडारा तळहातावर घेऊन "न्हाय" म्हणायचं. एवढीच हळद, पण ती हातात असताना खोटं बोललेल्याचा मेंढरांचा वाडाच बसतो, कळप राहत नाही म्हणतात. आक्कानं एकोणचाळीस वेळा भंडारा उचलला. चाळिसावी मेंढी आतून ढासत होती. बाहेरून काही कळत नव्हतं. आक्का म्हणाली, "हिला धाप हाय. हिचा न्हाय मी उचलत." निम्म्या भावात दिली.

त्या पैशात दोघा भावांची भर पडून ती पांढरी गाडी आली. शोरूममध्ये रिबिन कापली, पेढे वाटले, पुठ्ठ्याची दोन फुटी किल्ली हातात देऊन फोटो काढला. मॅनेजरचं नाव बाळासो, मूळचा सांगोल्याकडचा, मनगटाला काळा दोरा. आक्कानं त्याला विचारलं, "बाळा, रोग-बिग न्हाय न्हवं?"

सगळी शोरूम हसली. बाळासो म्हणाला, "आज्जी, कंपनीची गाडी आहे."

आक्काचा हात कनवटीच्या भंडाऱ्याच्या पिशवीकडं गेला. सिदूनं तो धरला. "आये, हितं तसं नसतंय."

तिनं हात मागं घेतला. चाळीस मेंढरांच्या जागी हे एक आलं, असं ती धरून चालली. दर अमावस्येला गाडीला पाणी दाखवायची, बॉनेटवर भंडारा टाकायची. दुसऱ्या वर्षी डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा पेटायला लागला तसा सिदू सर्व्हिसिंगला गेला. ते म्हणाले, नॉर्मल आहे, टॉप-अप करत जा. तीनदा गेला, तीनदा नॉर्मल. तक्रार कागदावर घ्या म्हणाला, तर म्हणाले, नॉर्मलची तक्रार कशी लिहायची?

एका रविवारी शिवू आला होता. दोघं भाऊ खाली बॉनेट उघडून तेल ओतत होते, मी शेजारी खुर्ची टाकून बसलेलो. आक्का वाकून बघायला लागली.

"हे तोंड का रं हिचं?"

"व्हय, तोंडच म्हण," सिदू म्हणाला.

"मेंढरू झुरणीला लागलं की जिभंवर भंडारा ठिवत्यात."

सिदू फडकं आणायला वर गेला. शिवू हसत माझ्याकडं बघायला लागला. आणि मी, मला काय, चार लोकांत सांगायला नवी गोष्ट मिळत होती. मी म्हणालो, "घाला की आक्का. तोंड उघडंच हाय. औषध लागू पडलं तर कंपनीला कळवू."

तिनं चिमूट घातली. शिवूनं झाकण फिरवलं. संध्याकाळपर्यंत मी ही गोष्ट तीन कट्ट्यांवर सांगितली होती.

वॉरंटी संपून त्रेसष्ट दिवस झाले होते. सोमवारी सकाळी शिवू तीच गाडी घेऊन ड्युटीला श्रीपूरकडं निघाला. मोहोळच्या अलीकडं भर रस्त्यात इंजिन आवळलं आणि गाडी जागीच थांबली. मागं सळ्यांचा ट्रक होता.

पुढचं मी सांगत नाही. त्यात वजा करण्यासारखं काही नाही.

शिवूचं दहावं-तेरावं झालं, आणि नंतर सिदूनं कंपनीला लिहिलं. तीन महिन्यांनी एक इंजिनिअर आला, त्यानं इंजिन खोललं, आणि पत्र आलं. सिदूची बायको ऋतुजा, शाळेत शिकवते, ती ते स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाचायला लागली. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. वाहन वॉरंटीबाहेर. तेलाच्या तोंडाशी, झाकणाच्या आतल्या बाजूला, पिवळी भुकटी आढळली. मालकानं इंजिनात बाहेरचा पदार्थ घातल्यामुळं कंपनी जबाबदार नाही. वाचून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की मागं गॅसपाशी भाकरी थापायचा आवाज थांबलाय.

"पिवळी म्हंजी भंडारा?" आक्कानं विचारलं.

ऋतुजानं पत्राची घडी घातली.

त्या दिवसापासून तिनं कपाळाला भंडारा लावला नाही. पिशवी देवाच्या पाटावर ठेवून दिली. खाणं तोडलं. सकाळी चहा, दुपारी दोन घास, तेही ऋतुजा रडकुंडीला आली की. विचारलं तर एकच, "म्या घातला की गं. माज्या हातानं घातला." डॉक्टर म्हणाले, तपासण्यांत काही नाही, पण वजन असंच उतरत राहिलं तर दिवाळी दिसणार नाही. वकील म्हणाला, ग्राहक आयोगात जाऊ, केस चांगली आहे, दोन-तीन वर्षं धरा.

"दोन-तीन वर्सं कुटनं आणू?" सिदू मला म्हणाला. "तात्या, तुमी चला. बोलाय तुमी बरं."

शोरूममध्ये गेलो. बाळासोनं पाण्याच्या दोन बाटल्या पुढं ठेवल्या, दुःख व्यक्त केलं, आणि म्हणाला की वरिष्ठांशी बोलून पुढच्या गाडीवर काही सूट बसते का ते बघतो, फक्त या कागदावर सही लागेल की आता तक्रार उरलेली नाही.

"पैसं नगं, सूट नगं," सिदू म्हणाला. "एक ओळ लिवून द्या. भंडाऱ्यानं इंजिन जात न्हाय. शिक्का मारा. माझी आई जेवंना झालीय."

"असं कसं लिहिता येईल? लीगलला जातं ते."

"मग तुमच्या मनानं सांगा," मी म्हणालो. "चिमूटभर हळदीनं इंजिन जातं?"

"तात्यासाहेब, माझ्या मनाचा लेटरहेड नाही."

बोलायला तोही बरा होता. उठलो.

गेटबाहेर चहाच्या गाड्यावर शिवपुत्र उभा होता, वर्कशॉपमधला मेकॅनिक, अक्कलकोटकडचा. खाली बघत बोलला. "सिदूअण्णा, तुमच्या गाडीचा नंबर यादीत होता. दोन वर्षांमागं वरून पत्र आलतं. ह्या नंबरापासून ह्या नंबरापर्यंत इंजिनं तेल खात्यात, पिस्टनच्या रिंगा खराब हाईत. बदलून द्या म्हणून. पण गिऱ्हाइकानं लेखी तक्रार केली तरच, आणि वॉरंटीत असंल तरच. आपण होऊन सांगू नका."

"आणि तक्रार तर लिवूनच घेत नव्हतासा," सिदू म्हणाला.

शिवपुत्रानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"ये आणि आईला एवढं सांग. कागद नगं."

"येतो की. रविवारी येतो."

रविवारी फोन बंद. सोमवारी कळलं, त्याची कलबुर्गीला बदली झाली. त्यानं मागून घेतली की त्यांनी दिली, माहीत नाही.

मग मी ते केलं जे मला येतं. डीटीपीच्या दुकानात बसून कंपनीचं पत्र तयार केलं. मराठीतच केलं, म्हणजे मध्ये ऋतुजाची गरज नको. 'आमच्या इंजिनात मूळचाच दोष होता. श्रीमती केराबाई यांनी घातलेल्या भंडाऱ्याचा अपघाताशी संबंध नाही. क्षमस्व.' खाली अशी वळणदार सही केली की खऱ्या मालकालाही जमली नसती. शिक्कासुद्धा मारला, भाच्याच्या पतसंस्थेचा, जरा फिरवून, वाचता येणार नाही असा. सिदूला सांगितलं नाही. जन्मभर हसवायला थापा मारल्या. म्हटलं, एक तरी कामाची मारू.

आक्का भिंतीला टेकून बसली होती. मनगट एवढं बारीक झालेलं की बांगडी कोपरापर्यंत चढायची. मी पत्र सावकाश वाचलं. सिदू आणि ऋतुजा माझ्याकडं बघतच राहिले. सिदूचा चेहरा उजळला, त्याला ते खरंच वाटलं. तेवढ्यात आक्का उठली, पाटावरची पिशवी घेतली, माझा हात ओढला आणि तळहातावर भंडारा ओतला.

"आता सांग. हे त्यांनी लिवलं?"

मी देव फारसा मानत नाही. लोकांना मी मेलेली माणसं बाजारात भेटल्याचं सांगितलंय. पण त्या हळदीखाली मला एक थाप सुचेना. बहुतेक अशक्तपणा असेल, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"न्हाय आक्का," मी म्हणालो. "म्या लिवलं."

सिदू खाली बसला.

"पण आतलं खरं हाय." आणि हात तसाच पुढं धरून मी शिवपुत्रानं सांगितलेलं सगळं सांगितलं. यादी, नंबर, रिंगा, आपण होऊन सांगू नका. शेवटी हेही, की त्या दिवशी घाला की म्हणणारा मी होतो.

"ते हाय माज्या ध्यानात," आक्का म्हणाली. "म्हंजी पोटात रोग हाय, हे इकताना ठावं व्हतं त्यास्नी?"

"इकताना न्हाय. पर दिवा पेटला तवा ठावं व्हतं."

"मग मला रिक्षात घाल."

बाळासोच्या केबिनमध्ये त्या दिवशी योगायोगानं आमचं इंजिन खोलणारा तोच इंजिनिअर बसला होता, दिल्लीकडचा कुणी, दुसऱ्या गाड्यांच्या तपासणीला आलेला. आक्कानं खुर्ची नको म्हटली. काचेच्या टेबलाशी उभी राहिली आणि पिशवी सोडली.

"बाळा, मागं इचारलं तवा तू हसलास. आता हे हातात घे आणि सांग. माज्या गाडीला रोग व्हता का न्हवता. न्हवता म्हण, मी जाते. माजं पाप मी माज्या डोस्क्यावर घिऊन जाते. कंप्लेट न्हाय, कोर्ट न्हाय."

"आज्जी, हे ऑफिस आहे."

"व्हय. घे."

"माझ्या हातात काही नाही, आज्जी."

"म्हून तर घे म्हणते."

इंजिनिअरनं विचारलं काय चाललंय. मी हिंदीत सांगितलं, की हळद हातात घेऊन एवढंच म्हणायचं, इंजिन निर्दोष होतं, म्हणजे म्हातारी तक्रार सोडते. तो हसला. एवढंच? असं म्हणून त्यानं आपला गोरापान हात पुढं केला. "लाइए माताजी."

आक्कानं चिमूट उचलली. आणि बाळासोनं टेबलावरून वाकून त्या इंजिनिअरचं मनगट धरलं.

"सर, रहने दीजिए."

"अरे, हल्दी ही तो है।"

"रहने दीजिए, सर." हात सोडला नाही त्यानं. त्याच्या काळ्या दोऱ्यापाशी शीर उडत होती. आक्काकडं बघवेना त्याला. तो टेबलाच्या कडेकडं बघत होता.

आक्का त्याच्याकडं बघत राहिली, बाजारात जनावराचे दात बघावेत तशी. मग चिमूट टेबलावर ठेवली आणि पिशवीची गाठ मारली.

"चल सयाजी," ती मला म्हणाली.

आम्ही दारापर्यंत आलो तर मागं फरशी पुसणाऱ्या शांतम्माला इंजिनिअर टेबल साफ करायला सांगत होता. ती कानडीत काहीतरी पुटपुटली आणि टेबल न पुसताच फडकं घेऊन बाहेर आली. तो भंडारा अजून त्या टेबलावर आहे, वारा सुटला तरी हलत नाही, असं मी लोकांना सांगतो. तेवढं वजा करा. कुणीतरी पुसलाच असणार.

कंपनीनं एक ओळही लिहून दिली नाही. आयोगात तारीख पडते. मोडलेली गाडी वर्कशॉपच्या मागं पडून आहे.

रिक्षा सात रस्ता चौकात आली. आक्का म्हणाली, "धाप असलेली मेंढी म्या निम्म्या भावात दिली. मला सांगाया काय जड गेलं?"

घरी ऋतुजानं ताट वाढलं. आक्कानं अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली झाकून ठेवली, म्हणाली, "शिवू आला की..." आणि थांबली. ऋतुजानं ताट उचललं.