लांब नळी, आखूड नळी

मांजरसुंब्यात रोहिणी सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये काम करायची. तिथं आलेली एक जुनी परदेशी गाडी तिने हट्टाने घेतली होती. गाडीचं इंजिन रोटरी होतं. पिस्टनऐवजी आत तीन कोनांचा रोटर फिरायचा. सपाट रस्त्यावर गाडी सुसाट पळे, पण घाटात वेग उतरला की मान टाकी.

कमी वेगातही ओढ मिळावी म्हणून रोहिणीने इंजिनात हवा नेणारी नळी नव्याने केली. इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे कमी असताना ती लांब राहायची आणि वाढले की मोटरीने आपोआप आखूड व्हायची.

आज ती सासऱ्यांना, आप्पारावांना, शेजारी बसवून घाटात निघाली. अर्ध्या वाटेत नळी आखूड झाली आणि गाडीने गचका खाल्ला.

"न्हाई जमत हे. सोड आता," आप्पाराव म्हणाले.

रोहिणीने गाडी कडेला घेऊन इंजिनाला जोडलेल्या लॅपटॉपवरचे आकडे पाहिले.

"मामा, नळी लई लवकर आखूड होतीय. फेरे अजून वाढलेलेच न्हाईत."

नळी आखूड व्हायला तिने चार हजार फेऱ्यांच्या जागी साडेपाच हजार घातले आणि त्याच चढावरून गाडी काढली. इंजिन ओढत राहिलं. वळणापुढे नळी सरकली, पण गचका बसला नाही. उलट आवाज चढत गेला. माथ्यावर पोचल्यावर रोहिणीने मोठा श्वास सोडला आणि तिला हसूच आवरेना.

आप्पाराव उतरून तिच्या दाराशी आले.

"सरक तिकडं," ते म्हणाले. "आता मला चालवू दे."