एकशेबारा टक्के

स्पेक्ट्रोमीटरच्या पडद्यावर एकशेबारा टक्के असा आकडा उमटला आणि मी ताडकन उठले. शंभर प्रकाशकण गिळणारी भुकटी एकशेबारा ओकेल कशी? असला फुकटचा माल माझ्या यंत्रात चालत नाही.

भुकटी माझ्या नवऱ्याची. शेजारच्या खोलीत तो निळे चमकणारे पदार्थ बनवतो, मी ते मोजते. आजवर ही भुकटी अठ्ठ्याऐंशी टक्के भरत आली होती. त्याच आकड्यावर त्याला स्वतःचा विभाग मिळणार होता आणि दुपारी संचालक त्यावर शिक्कामोर्तब करणार होते. आज भुकटी संपत आली म्हणून त्यानं मोजणीच्या काचेच्या वाटीत चिमूटभरच घातली होती.

यंत्र बिघडलं असेल, जुनाच आकडा दे, असं तो दारातूनच म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी पुटपुटले खरी, पण आकडे पुन्हा तपासले. भुकटी कमी म्हणून गिळलेला प्रकाश कमी, पण बाहेर पडलेला निळा जवळपास नेहमीएवढाच, म्हणजे तो भुकटीचा नव्हताच.

आधी रिकामी वाटी मोजायची, मग भुकटीची, आणि रिकामीचा प्रकाश वजा करायचा, अशी आमची रीत. रिकामी मी डब्यातून नवी काढते. भुकटीची मात्र तो स्वतः पुसून आणतो, माझ्या हातावर त्याचा विश्वास नाही. मी एक कोरी वाटी त्याच्या हातात दिली आणि तुझ्या पद्धतीनं पूस म्हटलं. त्यानं तिच्यावर हाः करून वाफ सोडली, खिशातला रुमाल काढला आणि लख्ख पुसली.

वाटीत काहीच नव्हतं. मी ती यंत्रात ठेवून अतिनील किरण सोडले. पडद्यावर निळ्या प्रकाशाचा डोंगर उभा राहिला, अगदी नेहमीच्या जागी.

 खोलीतला दिवा मालवून मी अतिनील बॅटरी नवऱ्यावर धरली. हातातला रुमाल निळा पेटला. सासूबाई त्याचे रुमाल स्वतः धुतात, पांढरेशुभ्र. कपडे पांढरे दिसावेत म्हणून साबणात जे रसायन घालतात, ते असंच निळं चमकतं. हे आम्हा दोघांनाही पाठ होतं, आणि तरीही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

न पुसलेल्या वाटीत मी तीच भुकटी पुन्हा मोजली. नऊ टक्के.

तो स्टुलावर मटकन बसला. "दोन वर्षं आपण आईचा रुमाल मोजला," तो म्हणाला.

दुपारी त्यानं संचालकांना नऊच सांगितले. विभाग गेला. 

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. झालं का काम, त्यांनी विचारलं. नाही म्हणताना त्याला घाम फुटला, तशी त्यांनी घडी केलेला रुमाल पुढे केला. "घे, आजच धुतलाय."

 त्यानं तोंड पुसलं, रुमालाकडे पाहिलं.

"छान निघालाय, आई," तो म्हणाला आणि रुमाल नीट घडी घालून त्यानं खिशात ठेवला.